तिकडच्या कारखान्याचं गणित

माझ्या धंद्यात वाईट बोलावंच लागतं. बंद भांड्यात काहीतरी शिजत असतं. ते हाताबाहेर गेलं, तर आतल्या वाफेला आणि फेसाला बाहेर पडायला किती मोठी वाट लागेल, हे मी काढून देते. वाट लहान पडली तर भांडं फाटतं. पण वाट किती मोठी हवी हे कळायचं तर आधी काय काय बिघडू शकतं याची यादी करावी लागते. पाणी बंद पडलं तर. बाहेर आग लागली तर. माणूस चुकला तर. आकडेमोड त्यानंतरची, आणि सोपा भाग तेवढाच.

वीस-बावीस वर्षं हे मी मोठ्या शहरातल्या एका डिझाइन ऑफिसात केलं. तिथं वाईट बोलण्याचे तास ठरलेले असत. दहा माणसं टेबलाभोवती बसून बिस्किटं खात खात एखादा कारखाना उडवून देत आणि मग जेवायला जात. पुढे आईच्या गुडघ्यांमुळे मी परभणीला परत आले. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला गॅसचा पाइप बघून म्हणाले, "हा फुटला तर ओटा जाईल."

"शुभ बोल," आई म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हणत असते."

"मग तिला पाइपवरची मुदत वाचायला सांग."

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. पाइप मात्र तिने बदलून घेतला, मला न सांगता. हा एक प्रसंग मी नीट लक्षात ठेवायला हवा होता. पुढच्या दोन महिन्यांचा त्रास वाचला असता.

पोखर्णीच्या रस्त्याला एक कारखाना आहे. कापूस वेचून झाल्यावर रानात उरतात त्या पऱ्हाट्या तिथं दळतात, त्यात रेझिन म्हणजे एक चिकट रस कालवतात, दाबतात, आणि त्याचे बोर्ड करतात. हा रस तिथंच तयार होतो. फिनॉल आणि फॉर्मॅलिन एका भांड्यात घ्यायचं, ढवळत ठेवायचं आणि त्यात कॉस्टिक, म्हणजे दाहक सोड्याचं पाणी, ओतायचं. कॉस्टिक पडलं की आतलं मिश्रण स्वतःच तापू लागतं. म्हणून ते सहा हप्त्यांत ओतायचं आणि प्रत्येक हप्त्यानंतर उष्णता खाली येईपर्यंत थांबायचं. बाहेरून गार पाणी फिरत असतं. एवढंच काम. पण घाई केली तर हे मिश्रण असं भडकतं की त्याला कोणी आवरू शकत नाही.

त्यांचं जुनं भांडं हजार लिटरचं होतं. आता पाच हजारांचं आलं होतं. मालकांना त्याच्या सुरक्षेच्या कागदावर माझी सही हवी होती, आणि लवकर हवी होती, कारण उद्घाटनाची कोनशिला आधीच तयार होऊन आली होती. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत पाहुण्यांचं नाव, त्यांची तीन पदं आणि तारीख. ती गोणपाटात गुंडाळून ऑफिसच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. भांड्याला अजून पाण्याची लाइन जोडायची होती, पण दगडाची सोय झाली होती.

मालक वाईट माणूस नव्हते. हिशेबी, स्वच्छ कपड्यांतले, पाहुण्याला चहाबरोबर शेव देणारे. फक्त मी सांगितलेली रप्चर डिस्क त्यांच्या पचनी पडेना. ही पत्र्याची पातळ चकती असते. भांड्याच्या तोंडावर बसवायची. आतला दाब वाढला की ती आधी फुटते आणि भांडं वाचतं.

"म्हणजे फुटण्यासाठीच विकत आणायची?" मालक म्हणाले.

"हो."

"आणि नाहीच फुटली तर?"

"तर चांगलं आहे."

"मग आणायची कामून?"

पहिल्या बैठकीला मी पाच पानांचा तक्ता घेऊन गेले. डाव्या बाजूला प्रश्न: पाणी बंद पडल्यास? ढवळणारी मोटर थांबल्यास? कॉस्टिक एकदम पडल्यास? उजवीकडे उत्तरासाठी जागा. तक्ता भरायचं काम मॅनेजरांकडे गेलं. ते निवृत्तीपूर्वी एका सरकारी कचेरीत होते. चार दिवसांनी तक्ता परत आला. पाचही पानांवर, प्रत्येक रकान्यात, सुवाच्य अक्षरात एकच शब्द होता: निरंक. खाली सगळ्यांच्या सह्या. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याचा अंगठा.

"साहेब, वीज कधीच जात नाही इथं?" मी विचारलं. विचारत असतानाच वीज गेली. पंखा थांबला.

मॅनेजरांनी पंख्याकडे पाहिलंही नाही. "मॅडम, नवी वास्तू आहे. अजून पूजा व्हायची आहे. आणि तुम्ही म्हणताय, स्फोट लिहा."

"स्फोट लिहा असं म्हणत नाही मी. काय बिघडू शकतं ते लिहा."

"तेच ते."

मग मी एकेकाला गाठून विचारू लागले. फिटर म्हणाला, आपल्याकडं तसं होत न्हाई. इलेक्ट्रिशियन म्हणाला, देवाच्या कृपेनं काही न्हाई. जुनं भांडं चालवणारे ऑपरेटर पन्नाशीचे होते. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. नव्या भांड्यावर तेच असणार होते. झाकण उघडून, वर प्लॅटफॉर्मवर उभं राहून कॉस्टिक ओतणार होते ते. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, चांगलं बोलावं."

जुन्या भांड्याच्या बरोबर वर, छताच्या पत्र्यावर, परातीएवढा तपकिरी डाग होता. वाळून दगड झालेला. मी त्याकडे बोट दाखवलं.

"ते जुनं हाय," मामा म्हणाले.

तिसऱ्या फेरीला मी तक्ता पिशवीतच ठेवला. चहाच्या वेळी माणसं पऱ्हाट्यांच्या गंजीच्या सावलीला बसली होती, तिथं जाऊन बसले आणि सहज विचारलं, "दुसरीकडच्या कारखान्यांत काय भानगडी होतात हो?"

आणि बांध फुटला. इलेक्ट्रिशियनच्या चुलत भावाच्या कारखान्यात आठवड्यातून तीनदा पाण्याचा पंप बंद पडत होता. जनरेटर होता, पण त्याचं डिझेल मालकाच्या गाडीत जायचं. फिटरच्या ओळखीत एका ठिकाणी मोटरचा पट्टा गुळगुळीत झाला होता आणि घसरू नये म्हणून वरून राळ टाकून चालवत होते. सगळ्यात खुलले ते मामा.

"तिकडं कसं करतेत, सहा टायमाला ओतायचं असतंय ना कॉस्टिक? ते दोनच टायमाला ओततेत."

"का?"

"सहा टायमाला ओतलं तर साडेपाचची बस कोण धरणार? आन हिवाळ्यात तर लय बेकार. ओतलं तरी धरतच न्हाई. थंडगार. मंग वाटतंय, कमी पडलं, अजून ओततेत. मंग एकदम धरतंय! असं दुधावानी वर येतंय, फेस फेस नुसता."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साडू हाय माझा. तिकडं असतोय."

"तिकडं म्हणजे कुठं?"

मामांनी हनुवटीने दिशा दाखवली. त्या दिशेला जुनं भांडं होतं. त्याच्यापलीकडे तुरीचं शेत आणि मग काही नाही.

मी घरी येऊन आकडेमोड केली. नुसती बाहेरून आग लागली असं धरलं तर दोन इंचाची वाट पुरत होती, आणि भांड्यावर तीन इंची तोंड बनवून आलंच होतं. पण कॉस्टिक एकदम पडलं, पाणी बंद असलं, तर नुसती वाफ येत नाही. सगळा रस फेसासकट त्याच भोकातून निघायला बघतो. तसं धरलं की दहा इंच आलं, आणि एवढ्या मोठ्या तोंडाला झाकणावर जागाच नव्हती. मी तीनदा काढलं, तीनदा दहाच. शिवाय भांडं मोठं झालं होतं. घरच्या पातेल्यातला भात उतरवला की थोड्या वेळात निवतो. पंगतीच्या हंड्यातला तासभर हात लावू देत नाही. आत पाचपट माल आला होता, पण गार करणारी भिंत काही पाचपट झाली नव्हती. जुन्यात जे छताला लागून थांबलं, ते नव्यात छतापाशी थांबणार नव्हतं.

कागद घेऊन मी मालकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. माझ्या आजवरच्या गिऱ्हाइकांत शेवटपर्यंत वाचणारे ते पहिलेच. त्यामुळे मला जरा बरं वाटलं होतं.

"मॅडम, हे गणित कुठलं?"

"तुमच्या भांड्याचं."

"इथं लिहिलंय, 'अन्य कारखान्यातील कामगारांच्या पद्धतीनुसार'."

"तुमच्या माणसांनी तसं सांगितलं."

"मग ते तिकडच्या कारखान्याला पाठवा ना. आमच्याकडं सगळं निरंक आहे." त्यांनी माझाच तक्ता माझ्यापुढे सरकवला. अंगठ्यासकट.

मॅनेजरांनी तेवढ्यात वहीत लिहूनही टाकलं: सदर बाब या आस्थापनेस लागू नाही.

पळवाट मीच काढली होती, मीच त्यांना दाखवली होती, आणि आता मीच तिच्यात अडकले होते. छतावरचा डाग दाखवला तर तो जुना होता. वीज जाते म्हणावं तर त्या क्षणी पंखा फिरत होता. मालकांनी हळूच सांगितलं की शहरातल्या एका तज्ज्ञांनी फोटोवरूनच दोन इंच काढून दिलं आहे. त्यांचं प्रमाणपत्र त्यांनी दाखवलंही. जाड कागद, सोनेरी किनार, वर चक्र आणि तराजू. तराजू कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही.

"तुमचीच सही हवी होती मला," मालक म्हणाले, "गावच्या आहात म्हणून. पण तारीख दगडावर पडली आहे."

मी संतापाने बाहेर आले. मामा नव्या भांड्याच्या प्लॅटफॉर्मवर नट आवळत होते. मी जिना चढून वर गेले.

"मामा, कॉस्टिक ओतताना तुम्ही कुठं उभे राहणार?"

"हितं." त्यांनी पाय रोवून दाखवलं. झाकणाच्या तोंडापासून दीड हात.

"फेस या तोंडातून येणार. आला तर तुमच्या छातीवर येणार. उकळता. आणि जुन्यापेक्षा पाचपट."

मामांनी पाना खाली ठेवला. "जुन्यातून आलता तवा मी खाली पाणी का येईना ते बघायला गेलतो. म्हणून ऱ्हायलो."

"तुम्ही? का साडू?"

"साडू कुठला, म्याडम. बायको एकलीच हाय माह्यी, तिला बहीणच न्हाई."

दोघंही हसलो. मग हसू ओसरलं.

"मालकांसमोर सांगाल?"

"सांगितलं तर काय हुईल?"

"माहीत नाही."

"तुमी एवढं गणित करता. ह्याचं न्हाई का काढता येत?"

नाही, असं मी म्हणाले. खोटं आश्वासन देणं मला सहज जमलं असतं, आणि त्या क्षणी ते तोंडाशी आलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी फी नको, कागद परत द्या, असं सांगायला मालकांच्या केबिनमध्ये बसले होते. मामा आत आले. चपला बाहेर काढून. हात धुतलेले होते, कोपरापर्यंत ओले.

"मालक, म्याडमनी लिव्हलंय ते तिकडलं न्हाई. ते इथलंच हाय. दोन टायमाला मीच ओततो. चार वर्सं झाली. फेस आलता तो बी मीच आणलता."

मग मालक मॅनेजरांकडे वळले. "तक्त्यात निरंक कसं?"

"ह्या साहेबांनी म्हणलं, निरंक ल्ह्या," मामा म्हणाले. "म्हणलं बरं."

मॅनेजर म्हणाले, "तसं पाहता, प्रश्नाचं स्वरूपच अशुभ होतं."

मालक चिडले. इतके चिडले की चहा सांगायचा राहिला. नव्या वास्तूत, पूजेच्या आधी, आपल्याच माणसाने असं बोलावं. चार वर्षं मीठ खाऊन. आधी कामून नाही बोलला. मामा खाली बघून ऐकत होते. एकदाच म्हणाले, "इचारलं न्हाई कुणी. म्हंजे, इथलं म्हणून न्हाई इचारलं." सगळा राग संपल्यावर मालक उठले, एकटेच जुन्या भांड्यापाशी गेले आणि बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मी काचेतून बघत होते. परत आले तेव्हा आवाज उतरला होता.

"दहा इंचाला वर जागा नाही म्हणता. मग काय करायचं?"

करण्यासारखं बरंच होतं. झाकण बदलून त्यावर सहा इंची चकती बसवायची, तिच्यापुढचा पाइप छताबाहेर काढून मागच्या टाकीत सोडायचा. कॉस्टिक हाताने ओतायचंच नाही. ते वरच्या छोट्या टाकीतून बारीक नळीने येईल, कोणी कितीही घाई केली तरी एकदम पडणार नाही. आणि उंचावर पाण्याची टाकी, वीज गेली तरी पाणी उतरेल अशी. तसं केलं की सहा इंच पुरत होते. मी पुन्हा तीनदा काढलं.

उद्घाटन दगडावरच्या तारखेलाच झालं. पाहुण्यांनी बटण दाबलं, रिकाम्या भांड्यात मोटर फिरली, टाळ्या पडल्या. भाषणात औद्योगिक क्रांतीचा तीनदा उल्लेख झाला. भांडं प्रत्यक्षात तापणार होतं त्यानंतर पाच आठवड्यांनी, सगळं बसवून झाल्यावर. मी प्रत्येक जोड स्वतः पाहिला आणि घरी येऊन कागदावर सही केली.

सही केलेला कागद द्यायला गेले तर प्लॅटफॉर्मवर दुसराच माणूस. चाळिशीचा, आधी गंगाखेडकडे एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर असलेला. मामांना पऱ्हाट्या दळायच्या यार्डात टाकलं होतं. मॅनेजरांनी कारण सांगितलं: आरोग्याच्या दृष्टीने.

मी मालकांना म्हणाले, मामांमुळे तुमचं भांडं वाचणार आहे.

"मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता, "तुमची सही मशिनावर आहे. माणसांवर नाही."

कागद पिशवीतच ठेवून मी यार्डात गेले. मामांच्या भुवयांवर, कानांवर पऱ्हाट्यांचा भुगा बसला होता. दळणीचा आवाज इतका होता की ओरडून बोलावं लागत होतं. मी म्हणाले, माझ्यामुळे झालं हे.

"जाऊ द्या. तिथं वास लय यायचा." त्यांनी मशीन बंद केलं. "नवा गडी कसा हाय?"

"बरा वाटतो. सगळं लिहून दिलंय त्याला. किती वेळाने किती सोडायचं, किती टेम्परेचरला थांबायचं."

"टेम्परेचर बघायची नळी खाली हाय ना, आत घुसवलेली? तिच्यावर रस बसतोय. पापुद्रा धरतोय जाड. मंग आत तापलं तरी काटा हालत न्हाई. म्हैन्यातून एकदा खरवडावी लागती. ते लिव्हलंय का?"

मी नव्हतं लिहिलं. मला माहीतच नव्हतं. माझं सगळं गणित, सहा इंच आणि बारीक नळी आणि वरची टाकी, एका गोष्टीवर उभं होतं: काटा खरं सांगतो. तो खोटं सांगत असला तर नवा माणूस भांडं थंड आहे समजून सोडतच राहणार होता. बारीक नळीने का होईना, सोडतच राहणार होता.

"हे आधी का नाही सांगितलं, मामा?"

"मला वाटलं, एवढं तर तुमाला ठाव असंल. शिकल्याल्या माणसाला काय सांगायचं."

मी तिथंच, भुशाच्या पोत्यावर बसले. इतक्या बैठका झाल्या होत्या. पाच पानांचा तक्ता, तीन फेऱ्या, शहरातल्या ऑफिसातली वीस वर्षं, आणि एका नळीवर पापुद्रा धरतो हे मला विचारायचं सुचलं नव्हतं. मालकांवर चिडायला सोपं होतं. आता चिडायला तेही नव्हते.

सही केलेला कागद मी बाहेर काढला आणि सहीवर आडवी रेघ मारली. मग तो उलटा केला, मांडीवर पसरला.

"सांगा," मी म्हणाले. "पापुद्रा किती दिवसांत धरतो?"

"उन्हाळ्यात का हिवाळ्यात?"

"दोन्ही सांगा."

मामांनी कानावरचा भुगा झटकला, पालथी बादली ओढून तिच्यावर बसले, आणि उन्हाळ्यापासून सुरुवात केली.